दोघी जावा बारीक झाल्या

अंक काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "मावशी, तुमचा अनुभव लिहा. वाचणाऱ्या बायकांना उभारी येईल." उभारी येईल असं माझ्याकडं काही नाही. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात मी बायकांची ब्लाउजं शिवते. शिकले चौथीपर्यंत. नजर अजून धड आहे, गुडघे गेलेत. मला ब्लाउजापलीकडं काही कळत नाही आणि माझ्याकडं येणाऱ्या बायकांना वजनापलीकडं काही सुचत नाही. म्हणून वजनाबद्दल लिहिते.

आधी धंदा सांगते. साडी कुठल्याही बाईला होते. पंजाबी ड्रेस जरा सैल झाला तरी चालतो, उलट बरं दिसतं म्हणतात. ब्लाउज तसं नाही. एक बोट इकडं-तिकडं झालं की बाई भांडायला दारात उभी. म्हणून आम्ही दोन्ही बाजूंच्या शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं राखून ठेवतो. त्याला माया म्हणतात. बाई सुटली की एक शिवण उसवायची, उतरली की आणखी एक टाका आत घालायचा. जुनं ब्लाउज उलटं करून बघा, तीन-चार शिवणींच्या खुणा शेजारी शेजारी दिसतील. कुठली लग्नातली, कुठली बाळंतपणानंतरची, कुठली पिशवीचं ऑपरेशन झाल्यावरची, हे मी नुसतं बघून सांगते. त्यात हुशारी काही नाही, त्या सगळ्या मीच घातलेल्या असतात.

वजन उतरवायला निघालेली बाई पहिल्याच आठवड्यात येऊन सांगते, "मावशी, आतलं कापड कापूनच टाका. आता परत मागं जायचं नाही." मी बरं म्हणते आणि कापत नाही. आजपर्यंत एकीनंही त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

दुसरी गोष्ट मापाच्या ब्लाउजाची. टेपनं माप घ्यायचं म्हटलं की निम्म्या बायका अंग चोरतात. मग त्या घरून एक ब्लाउज आणतात आणि म्हणतात, "ह्याच्यासारखं शिवा." नियम असा की आज अंगाला बरोबर बसणारं आणायचं. आणतात ते पूर्वी कधीतरी बसत होतं ते.

अकलूजकडची एक बाई भाच्याच्या लग्नाचं ब्लाउज टाकायला आली. मापाचं म्हणून जे आणलं होतं ते तिच्या मुलीलासुद्धा झालं नसतं.

मी विचारलं, "हे अंगात जातंय का आत्ता?"

"लग्नापर्यंत जाईल की."

"आणि नाही गेलं तर?"

"तुम्ही शिवा. बाकीचं मी बघते. जिम लावलंय मी."

मी शिवलं. लग्नात तिनं मागचे हुक उघडे ठेवले, वरून पदर घेतला आणि दिवसभर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सगळ्या फोटोंत मागं भिंत. चार दिवसांनी भांडायला आली. "तुमच्या शिवण्यात चूक झाली."

म्हटलं, "शिवण्यात चूक नाही. लग्न लवकर झालं."

असे सगळे उपाय मी बघितलेत. पोटाला बांधायचा थरथरणारा पट्टा बघितला. सकाळी सकाळी बायकांना गोळा करून ग्लासातनं गुलाबी पावडर पाजणारे बघितले. पावडर विकणारी बाई स्वतःचं ब्लाउज ढिलं करायला माझ्याकडंच यायची. आणि आता कडक भाकरी. आमच्यात ज्वारीची भाकरी म्हणजे रोजचं जेवण, त्यात सांगण्यासारखं काय आहे? पण पाकिटात घातली आणि वर डाएट म्हटलं की त्याच भाकरीला मान आला. पापडासारखी पातळ असते, म्हणून एका बैठकीला पाच खातात. बरोबर शेंगाची चटणी, चटणीवर तेल, वाटीभर दही.

"कडक भाकरी लई हलकी असते मावशी."

"भाकरी हलकी आहे. चटणीवरचं तेल कुठं जातंय?"

"ते जिरतं की!"

"जिरतं म्हणूनच बगलेत उसवायला आलीस."

हसायचं आणि उसवायचं, एवढंच माझं काम. पण एका घराच्या बाबतीत नुसतं हसून भागलं नाही, ते सांगते.

नवी पेठेत ह्या लोकांचं कापडाचं दुकान. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी. सासूला सगळे अव्वा म्हणतात, मीही म्हणते, जरी ती माझ्याहून लहान असली तरी. दोन सुना. थोरली महानंदा, धाकटी सरोजा. दोघीही अंगानं भरलेल्या. महानंदाला साखर होती, डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. सरोजाला साखर नव्हती पण वजन जास्त, गुडघे दुखायचे, लिव्हरवर चरबी आलीय असं डॉक्टर म्हणाले होते.

दिवाळी झाल्यावर सरोजा एक दिवस एकटीच आली. ब्लाउज नव्हतं हातात. पर्समधून छोटी डबी काढली.

"मावशी, हे तुमच्या फ्रिजमध्ये ठेवाल का?"

"काय आहे?"

"इंजेक्शन आहे. वजन कमी करायचं. डॉक्टरांनी लिहून दिलंय. आठवड्याला एकदा पोटात घ्यायचं."

"तुमच्या घरी फ्रिज आहे की. माझ्या फ्रिजपेक्षा दुप्पट उंच."

"तो अव्वांचा आहे मावशी. त्यात लिंबं किती आहेत तेसुद्धा त्यांना पाठ असतं."

हे खरं होतं. आणि अव्वांचं मत सगळ्या पेठेला माहीत होतं. त्या म्हणायच्या, "औषधानं बारीक व्हायचं म्हणजे दुसऱ्याला उपास करायला लावायचं आन् पुण्य आपण घ्यायचं." स्वतः अव्वा रक्तदाबाची गोळी घेतात, गुडघ्याची घेतात, रात्री जेवल्यावर गॅसची घेतात. पण ती औषधं नव्हेत, ते वय. औषध म्हणजे सून घेते ते.

सरोजाच्या नवऱ्याला सगळं माहीत होतं. पैसे तोच द्यायचा. पण आईपुढं तो मांजर. तेव्हा डबी माझ्या फ्रिजमध्ये आली, इडलीच्या पिठाच्या मागं, आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द मी दिला. दर गुरुवारी सरोजा एक ब्लाउज घेऊन यायची, माप बघायच्या पडद्याआड जायची, टोचून घ्यायची आणि बाहेर यायची. लोकांना वाटायचं, ब्लाउज आत घ्यायला येते. आणि खोटं काय होतं त्यात? दर महिन्याला मी तिचं ब्लाउज खरंच आत घेत होते.

सुरुवातीला तिला मळमळायचं. एकदा माझ्याकडं बसून रिकाम्या ओकाऱ्या काढल्या. मी म्हटलं, "एवढा त्रास कशाला?"

"मावशी, लहानपणापासून मी भुकेशी भांडायलीय. पहिल्यांदाच डोक्यातली भूक गप्प बसलीय. तुम्हाला नाही कळणार."

मला कळलं नाही, मी जन्माची काटकुळी. पण मी वादही घातला नाही. डॉक्टरनी तिला चालायलाही सांगितलं होतं, ती पहाटे तळ्याकाठी चालायची. ते चालणं सगळ्यांना दिसत होतं. टोचणं दिसत नव्हतं.

तेवढ्यावर अव्वांनी सगळी कथा रचली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सरोजाला मधोमध उभं करून त्या सांगत होत्या, "बगा आमची धाकटी! गोळी न्हाय, औषध न्हाय. नुसतं चालणं आन् एक भाकरी. मन पायजे घट्ट!" बायका सरोजाच्या दंडाला हात लावून बघत होत्या, जसं काही देवीला नवस करून आलीय. सरोजा खाली बघून हसत होती. आणि अव्वांची नजर कोपऱ्यातल्या थोरलीकडं. "हिला सांगून दमले. ही सकाळ-संध्याकाळ गोळ्या गिळतीया आन् बसतीया."

मी तिथं वाण घेऊन बसले होते. बोलले नाही. कुणाच्या अंगाचं माप मी दुसऱ्याला सांगत नाही, तसंच हेही, असं माझ्या डोक्यात होतं.

मग महानंदाही चालायला लागली. एक भाकरी. रात्री ताक. पहिल्या दोन महिन्यांत तिचं ब्लाउज दोऱ्याइतकंही हललं नाही. ती येऊन बसायची आणि विचारायची, "मावशी, सरोजाचं किती आत घेतलं?" मी म्हणायची, "तुझं माप तू बघ."

उन्हाळा लागला आणि एकदम उतरायला लागली. एका महिन्यात मी दोन बोटं आत घेतलं. परत आली तर तेही ढिलं. गळ्याची हाडं दिसायला लागली. अव्वा खूश. पेठेत सांगायला लागल्या, "आता दोगीबी बगा! धाकटीनं थोरलीला वळण लावलं."

मी महानंदाला म्हटलं, "चेहरा उतरलाय गं तुझा."

"वजन उतरल्यावर चेहरा काय एकटाच वर राहील का मावशी?"

हसत होती. कधी नाही ते तिचं कौतुक चाललं होतं घरात.

त्यांच्या नणंदेनं नवा फ्लॅट घेतला होता, घरभरणी श्रावणात ठरली होती. दोघींना एकसारख्या साड्या घेतल्या होत्या. मे महिन्यात एका गुरुवारी महानंदा ब्लाउजपीस घेऊन आली. आल्या आल्या तांब्याभर पाणी प्यायली. सोलापुरात मे महिन्यात पाणी कोण मागत नाही? मी दुसरा तांब्या भरून दिला. तोही संपवला. माझ्याकडं तासभर होती, त्यात दोनदा मागं बाथरूमला जाऊन आली. मी हुकाची जागा दाखवली तर म्हणे, "धुरकट दिसायलंय मावशी, तुम्हीच बघा." दुसरा तांब्या भरताना मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

तेवढ्यात सरोजा आली. गुरुवार तिचाच. जावेला बघून जरा गडबडली, मग ब्लाउज घालून बघते म्हणाली आणि डबी न काढताच पडद्याआड गेली. बाहेर महानंदा मला सांगत होती, "मावशी, तुम्हाला गुपित सांगू? साखरेच्या गोळ्या सोडल्या की मी."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? धाकटीनं बिनऔषधाचं करून दाखवलं. अव्वा म्हणाल्या, तू किती दिवस गोळ्यांवर जगणार? सोडल्या. आणि बघा की, गोळ्या सोडल्या आणि तेव्हापासनंच उतरायला लागलं! त्या गोळ्यांनीच सुटले होते मी."

पडदा बाजूला झाला. सरोजा तिथं उभी होती. पडद्याची कड मुठीत. सगळं ऐकलं होतं तिनं.

मी कात्री खाली ठेवली. "सरोजा, तू बोलतेस की मी बोलू?"

"मावशी, तुम्ही शब्द दिला होता."

"ब्लाउजाच्या मापाचा दिला होता. मड्याच्या मापाचा नाही."

महानंदा आमच्याकडं आळीपाळीनं बघायला लागली. "काय चाललंय तुमचं?"

सरोजा आत गेली, फ्रिज उघडल्याचा आवाज आला. डबी घेऊन आली आणि जावेच्या हातात दिली.

"हे काय? तुलाबी साखर झाली का?"

"नाही ताई. वजनाचं आहे. दर आठवड्याला टोचते. दिवाळीपासनं."

"मग चालणं?"

"चालते की. पण ह्यानं भूकच लागत नाही मला. त्याच्यामुळं जमतंय."

"ताटात अर्धी भाकरी सोडायचीस..."

"जातच नव्हती ताई."

"आणि मी ती अर्धी भाकरी बघायची आणि स्वतःला लाज लाज म्हणायची." मग महानंदानं शिवी दिली. कानडीत दिली, त्यामुळं इथं लिहायची पंचाईत नाही. ऐकली असती तर तुम्हीही म्हणाला असता, योग्य दिली. सरोजानं ती खाली मान घालून घेतली. मग म्हणाली, "आणखी दे ताई, रिक्षात दे. आधी उठ. डॉक्टरकडं चल. हे वजन उतरणं बरोबर नाही. माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलंय, साखर वाढली की माणूस असंच वाळतं, पाणी पाणी करतं."

"अव्वांना काय सांगायचं?"

"ते नंतर."

दोघी रिक्षातून गेल्या. दवाखान्यात साखरेचा आकडा बघून डॉक्टरनी मशीन बिघडलंय का म्हणून परत तपासायला लावलं. मशीन बरोबर होतं. महानंदाला तिथंच ठेवून घेतलं. मी बघायला गेले तेव्हा सलाईन चालू होतं. डॉक्टर, तरुण पोरगी होती, तिला रागावून सांगत होती, "काकू, तुम्ही बारीक होत नव्हता, झिजत होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर शुद्ध गेली असती, मग आमच्याही हातात काही राहिलं नसतं." महानंदा म्हणाली, "घरात सगळे खूश होते."

आठवड्यानं ती घरी आली. काही दिवस तिलाही पोटात टोचायचं इंजेक्शन, इन्सुलिनचं, मग परत गोळ्या, आता दुपारचीही. अंग धरलं. मी आत घेतलेले टाके एकेक उसवून दिले. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. सरोजानं घरी एवढंच सांगितलं होतं की ताईनं गोळ्या सोडल्या म्हणून झालं. स्वतःचं काही बोलली नव्हती. महानंदानंही चुगली केली नाही. मला म्हणाली, "तिनं सांगायचं. मी नाही सांगणार." आणि अव्वांची नवी कथा तयार झाली. थोरलीला झेपलं नाही, चार दिवस चालली आणि दवाखाना गाठला. धाकटीनं कसं टिकवलं!

जुलैमध्ये महानंदा घरभरणीचं ब्लाउज घालून बघायला आली. बसली आणि म्हणाली, "मावशी, गोळी घ्यायला लागले की अव्वा माझ्या तोंडाकडं बघतात. काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. परवा हातातली गोळी मी परत डबीत ठेवली."

"मरायचंय का?"

"नाही. पण रोज तीन वेळा तोंड खाली घालायचं म्हणजे..." ती ब्लाउज उचलून पडद्याआड गेली.

त्या गुरुवारी सरोजा आली तेव्हा मी फ्रिजपुढं उभी राहिले. "आधी ऐक. तुझी सुई मला खुपत नाही. आयुष्यभर घे. पण तुझी सासू तुझं कौतुक करते त्या एकेका शब्दाला महानंदा तिकडं एकेक गोळी सोडतेय. परवा परत सोडली."

ती म्हणाली, "मावशी, मी खरं सांगितलं तर मला काय म्हणतील माहीत आहे? आळशी. फसवी. सगळं वजन पैशानं उतरवलं म्हणतील. चालले, ओकाऱ्या काढल्या, ते कुणी धरणार नाही."

"नाहीच धरणार," मी म्हटलं. खोटा दिलासा मला देता येत नाही. बाजूला झाले. तिनं डबी घेतली आणि पडद्याआड गेली.

घरभरणीला मला बोलावणं होतं. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये बायकांची पंगत बसली. माझ्या एका बाजूला महानंदा, समोरच्या ओळीत सरोजा. वाढप झालं, आणि अव्वा पंगतीतून फिरत फिरत सरोजाच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. मोहोळहून आलेल्या कुणा पाहुणीनं विचारलं होतं, ही तीच का, ओळखूच आली नाही.

"तीच की! औषधाचा एक थेंब न्हाय पोटात. मन घट्ट पायजे. न्हायतर आमची थोरली बगा, गोळ्या..."

"अव्वा, मी इंजेक्शन घेते," सरोजा म्हणाली.

अव्वांचं बोलणं तिथंच थांबलं. "काय घेतीस?"

"वजनाचं इंजेक्शन. पोटात टोचते दर आठवड्याला. दिवाळीपासनं. मावशींच्या फ्रिजात ठेवते."

सगळ्या पंगतीनं माझ्याकडं बघितलं. म्हटलं, "माझ्याकडं काय बघताय? जेवा."

"चेष्टा करायलीय ती," अव्वा हसून पाहुणीला म्हणाल्या.

"चेष्टा नाही. चालते, कमी खाते, तेही खरं आहे. पण औषध आहे म्हणून जमतंय. ताईच्या गोळ्या तिच्या आजाराच्या, माझी सुई माझ्या आजाराची. ताईनं माझं खोटं खरं मानून गोळ्या सोडल्या आणि मरता मरता वाचली. आता तिच्या गोळ्यांना कुणी नाव ठेवायचं नाही."

एवढं एका दमात बोलली आणि रडायच्या बेतात आली. सरोजाला ज्याची भीती होती ते आता होणार, आळशी म्हणतील, फसवी म्हणतील, असं मलाही वाटलं. अव्वांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मोहोळची पाहुणी पुढं वाकली.

"कुठल्या डॉक्टरचं गं?"

झालं. पलीकडची म्हणाली, दुखतं का? तिसरी म्हणाली, साखर नसली तरी देतात का? चौथीनं ताट उचललं आणि सरोजाच्या शेजारी येऊन बसली. दोन मिनिटांत आमच्या ओळीतल्या बायका तिकडं. मन घट्ट पाहिजे म्हटल्यावर माना डोलावणाऱ्या सगळ्या. अव्वा मधोमध एकट्या उभ्या; पण कान सरोजाकडंच होते, हे मी बघितलं. तिला कुणी फसवी म्हणालं नाही. शाबासकीही कुणी दिली नाही. नुसता पत्ता लिहून घेत होत्या.

आमच्या ओळीत मी आणि महानंदा दोघीच राहिलो. ती सगळा गलका बघत होती आणि खांदे हलवून हलवून हसत होती. मग तिनं पर्समधून गोळी काढली, तळहातावर ठेवली, सासू बघतेय का ते वळून बघितलं. सासू बघत होती. महानंदानं तिच्याकडं बघत बघतच गोळी तोंडात टाकली आणि पहिला घास घेतला.

"मावशी," ती मला हळूच म्हणाली, "सगळ्या तिकडं आहेत. ते हुग्गीचं पातेलं इकडं सरकवा की. एक पळी. गोड खाऊन किती दिवस झाले!"

मी पातेलं सरकवलं, पलीकडं. आणि तिच्या ताटात वांग्याची भाजी वाढली.